बल्बासमोर हजेरी

अग्रलेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात शरदचंद्र हॉलमध्ये नसल्याचं बल्बाने जाहीर केलं.

अंधार झाला. शरदचंद्र खुर्चीतच होते. त्यांनी पेपर डोक्यावर धरून दोनदा हलवला. दिवा लागला.

स्वयंपाकघराच्या दारातून कुमुदिनीबाईंनी डोकावलं. "अहो, कोणाला हात करताय?"

"बल्बाला. मी आहे म्हणून कळवतोय."

बल्ब सेन्सरचा होता. कोणी हललं की लागायचा, हालचाल थांबली की थोड्या वेळाने आपला आपण विझायचा. त्यांच्या मुलाने, वरदने, तो उल्हासनगरहून, कॅम्प तीनच्या बाजारातून आणला होता. सिंधी दुकानदार म्हणाला होता, "साईं, आदमी आया तो चालू, गया तो बंद. टेन्शनच नाय." आलेल्या माणसाने नंतर शांत बसायचं ठरवलं तर काय, याबद्दल दोघांपैकी कोणी काही बोललं नव्हतं.

तोवर घरातले दिवे बंद करणं हे शरदचंद्रांचं खातं होतं. संध्याकाळी सगळ्या खोल्यांमधून फिरायचं, बटणं बंद करायची आणि "लाइट कंपनी तुमच्या बापाची आहे का?" असं मोठ्याने विचारायचं. विचारणारा बापच असल्यामुळे उत्तर कोणी देत नसे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ही फेरी काठी घेऊन चालू राहिली होती. आता हॉलच्या बटणावर वरदने चिकटपट्टी लावली होती, म्हणजे चुकून कोणी बंद करायला नको. बाकीच्या खोल्यांतही एलईडीच. उजेड वाढला होता, बिल उतरलं होतं, दिव्याखाली उकडतही नव्हतं. तक्रारीला जागाच ठेवली नव्हती, हीच मुख्य तक्रार होती.

वरद कामावरून आला. बूट काढायच्या आत शरदचंद्र म्हणाले, "ती पट्टी काढ. आणि आपली जुनी ट्यूब लाव."

"ट्यूब भंगारवाल्याने नेली, बाबा. आणि हा तुमच्या गुडघ्यासाठीच लावलाय ना. आता उठायलाच नको."

"उठायला नको, पण बसायचीही सोय नाही."

"मग जरा हलत राहा. नुसता पाय हलवलात तरी चालतं त्याला."

स्वयंपाकघरात कुमुदिनीबाईंनी नीट ऐकू यावं म्हणून कुकरखालचा गॅस बंद केला.

या घरात बसल्याजागी पाय हलवायला बंदी होती. पाय हलवला की घरात दरिद्री येते, असा शरदचंद्रांचा नियम होता, आणि नियम सांगून झाला की गुडघ्यावर चापट बसायची. वरदचं सगळं शिक्षण असं झालं होतं. अभ्यासाला बसताना तो मांडीवर एक जास्तीचं पुस्तक ठेवायचा. वाचायला नाही, वजनाला.

शरदचंद्र उठले. आत जाऊन त्यांनी पिशवी भरली. दोन सदरे, गुडघ्याचा पट्टा, चष्म्याचं घर.

"गोदूकडे जातो. बदलापूरला."

गोदू म्हणजे त्यांची बहीण.

"किती दिवस?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"तिच्याकडे बटणं आहेत."

हे उत्तर नव्हतं, पण विषय संपला होता.

"निदान चहा तरी घ्या."

"पेपर संपवून निघतो. अर्धवट टाकायची सवय नाही मला."

पिशवी पायाशी ठेवून ते परत खुर्चीत बसले. वरद समोरच्या सोफ्यावर बसला. दोघंही हलेनात. हट्टाच्या बाबतीत माल एकाच कारखान्यातला होता. थोड्या वेळाने दिवा गेला.

अंधारातही कोणी हललं नाही.

कुमुदिनीबाई चहाचे कप घेऊन आल्या, तेव्हा दिवा लागला. "अगं बाई, आहात होय दोघं? मला वाटलं, भांडण मिटवून फिरायला गेलात." कप ठेवून त्या आत गेल्या.

शरदचंद्रांनी पेपर उघडला. पहिल्यांदा शहराचं पान घेतलं. शिवमंदिराकडच्या रस्त्याची बातमी होती, पाण्याची बातमी होती. बातम्या संपल्या. खालची जाहिरात संपली. एव्हाना अंधार व्हायला हवा होता. झाला नाही.

त्यांनी पेपराच्या खालच्या कडेतून बघितलं.

वरद मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मोबाइल बंद होता. डावा पाय हलत होता.

शरदचंद्रांचा हात सवयीने उठला. उठलेला हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्या हाताने कप उचलला.

चहा पिऊन त्यांनी पुढचं पान घेतलं. क्रीडा वाचलं. निविदा वाचल्या. नाव बदललेल्या लोकांची जुनी नावं वाचली, मग नवी वाचली. बल्ब लख्ख चालू होता.

कुमुदिनीबाई कप न्यायला आल्या. त्यांनी बल्बाकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, वरदच्या पायाकडे बघितलं.

"अहो, गोदूताईंना फोन करू का? येताय म्हणून?"

पेपर खाली आला नाही.

"थांब जरा. राशिभविष्य राहिलंय." पान उलटलं. "वरद."

"काय, बाबा?"

"डावा दमला असेल तर उजवा घे."