मुनीराला दिसेल असं घर

"दिलावर, मोरीच्या पायरीला पण पिवळी पट्टी मार रे," मुनीरा सुताराला म्हणाली. "मला दिसत नाही."

कमालनं चमकून तिच्याकडे बघितलं. बायकोची चाळिशी उलटली नाही आणि डोळे चालले! डोळे गेले तर तिला रत्नागिरीला पाठवावं लागणार. कतारमधल्या अल खोरच्या या दोन खोल्यांत दिवसभर तिच्याजवळ कोण बसणार? तो पहाटेच कंपनीची बस घेऊन निघायचा. चाळीस माणसं कामावर पोचवायची म्हणजे काय खेळ आहे?

"डॉक्टरकडे चल गो," तो म्हणायचा.

"आधी घर नीट करूया," ती म्हणायची.

गाववाला म्हणून दिलावर दर शुक्रवारी यायचा. पांढऱ्या भिंतीवरच्या बटणांभोवती काळी चौकट आली. टेबलाचे कोपरे गोल झाले, वाटेतला सोफा भिंतीला गेला, कपाटांत दिवे लागले. पांढरा भात उठून दिसावा म्हणून निळी ताटं आली. बसच्या किल्लीला दाराजवळ ठरलेली खुंटी मिळाली.

आणि घर कसं सुटसुटीत झालं! कमालच्या नडग्या आपटायच्या थांबल्या. किल्लीसाठी रोज सकाळी होणारी बोंबाबोंब थांबली.

"तुझ्या डोळ्यांपायी माझी चैन झाली की!" तो चिडवायचा. ती हसायची नाही.

बाहेर मात्र सगळा आनंदच होता. रस्त्यावरचे दिवे मेले मंद केलेले. परवा तर कामगारांच्या कॅम्पच्या फाटकाचा खांब बसला घासला. खांबाला धड रंग नाही, दिसणार कसा? कमालनं वॉचमनला चांगलंच फैलावर घेतलं. घरी येऊन त्यानं ते सांगितलं, तेव्हा मुनीरानं हातातलं ताट खाली ठेवलं.

"उद्याच डॉक्टरकडे जाऊया," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती टॅक्सीनं गेली. कमाल ड्युटीवरून परस्पर बस घेऊनच दवाखान्यात आला.

मूळच्या नाशिकच्या डॉक्टर गिरीशनी खोलीतले दिवे मंद केले. मुनीरानं समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचली. वरपासून खालपर्यंत, मुंगीएवढी शेवटची ओळसुद्धा, धडाधड.

कमालला रडूच फुटलं. "या अल्ला! खलास, आता गावाला जायचं नाव नको!"

मुनीरा उठली. "आता तुमी बसा."

"मी कशाला?" तो हसत हसत खुर्चीवर बसला. समोर बघितलं. "डॉक्टर, आधी पाटी तरी लावा."

"लावलेलीच आहे," मुनीरा म्हणाली आणि त्याच्या खिशातली बसची किल्ली काढून घेतली.