तिरकी केलेली स्कूटर

मृण्मयीच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. माझी जुनी स्कूटर तिनं हौसेनं जहाजातून जर्मनीला नेली होती. तिनं लिहिलं होतं, "बाबा, हिचा कार्बोरेटर इथे मिळत नाही. दुरुस्तीच्या खर्चात नवी गाडी येईल. भंगारात देऊ का?" पुस्तकांत रमणारा मी, यंत्रातलं काय सांगणार?

काल तिचा फोन आला. "भंगारवाला दारात उभा होता. शेवटचं म्हणून तुम्ही करायचात तशी तिरकी करून किक मारली, आणि झाली की सुरू! तो विचारतो, कुठे शिकलीस? म्हटलं, बाबांकडे."

आज पोस्टातल्या कारकुनानं विचारलं, "काका, पार्सलमध्ये काय?"

"कार्बोरेटर, आणि मुलीला पत्र. ती जर्मनीत आपली स्कूटर चालवते."

मागची रांग ऐकत होती, तरी एरवीसारखा माझा आवाज खाली गेला नाही. पार्सल त्याच्या हाती दिलं.