दुरुस्तीची गरज नाही

"कुठली नोंद काढायचीय?" नीलम मॅडमनी लॅपटॉप उघडत विचारलं.

"सातवी," श्रुतिका म्हणाली. आत येताना तिने दार लोटून घेतलं होतं.

केमिस्ट्रीच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा ई-पोर्टफोलिओ होता. दर आठवड्याला प्रयोगाचे फोटो टाकायचे आणि आपण कुठे चुकलो, काय शिकलो ते लिहायचं. एकदा पाठवलेली नोंद फक्त मॅडमच काढू शकत.

सातव्या आठवड्याचा विषय होता, 'मी विज्ञानाकडे का वळले?' श्रुतिकाने लिहिलं होतं, 'माझे वडील ट्रॉम्बेला शास्त्रज्ञ आहेत.' त्यातलं ट्रॉम्बे खरं होतं. पप्पा तिथल्या एका प्रयोगशाळेत बावीस वर्षं काचेची भांडी धूत होते.

उद्या घाटकोपरच्या या कॉलेजात पालकांसमोर सगळे पोर्टफोलिओ पडद्यावर दिसणार होते. पप्पांनी रजा टाकली होती. शर्ट इस्त्रीला दिला होता.

दर रविवारी ते विचारायचे, "या वेळी रीडिंग जुळलं का गं?"

"पप्पा, तुम्हाला नाही कळायचं ते."

"बरं," ते म्हणायचे.

"का काढायची?" मॅडमनी विचारलं.

"खोटं लिहिलंय, मॅडम." तिने मान वर केली नाही. "आणि तुम्ही त्याखाली लिहिलंत, 'छान लिहिलंस. दुरुस्तीची गरज नाही.' तेव्हापासून तर जास्तच लाज वाटते."

तिच्या प्रत्येक नोंदीखाली अशी एखादी बिननावाची ओळ असायची. 'ब्युरेट आधी त्याच द्रावणाने विसळलीस का?' 'पिपेटला आतून थेंब चिकटले, तर ती नीट धुतलेली नाही.' त्या ओळी पाळल्या आणि तिची रीडिंगं जुळू लागली. मैत्रीण किरण चिडवायची, "मॅडम तुझ्यावर फिदा आहेत यार! मला साला एक टिंब नाही."

मॅडमनी सातवी नोंद उघडून खालची ओळ वाचली.

"अगं, चौसष्ट पोर्टफोलिओ आहेत. मी दर आठवड्याला सगळे कुठे वाचत बसणार? हे तुझ्या बाहेरच्या वाचकाने लिहिलंय. सुरुवातीच्या फॉर्ममध्ये एकाचं नाव आणि नंबर द्यायचा होता ना?"

श्रुतिकाला तो फॉर्म आठवला. नावाचे सगळे रकाने तिने न वाचताच भरले होते.

"सातवी नोंद नऊ वेळा उघडलीय यांनी," मॅडम म्हणाल्या आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

राजाराम गावडे. नातं: वडील.