गव्हाण चावणारा घोडा

घोडेबाजारात बाबांनी आमच्या तुऱ्या घोड्याला मुद्दाम लोखंडी खुंट्याशी बांधलं होतं. लाकूड दिसलं की तो त्यात दात रोवून, ढेकर दिल्यासारखा आवाज करत हवा ओढायचा. असला खोडीचा घोडा कोण घेणार?

मला तर तो विकायचाच नव्हता! फेटेवाले एक आजोबा गिऱ्हाईक म्हणून आले, तेव्हा मी धाडकन सांगून टाकलं, "आजोबा, हा गव्हाण चावतो. वरचे दात बघा, झिजलेत."

बाबांचा चेहरा उतरला.

"का गं चावतो?" आजोबांनी हसून विचारलं.

आता गप्प बसेन ती मी कसली! "दिवसभर एकटाच बांधलेला असतो ना. वैरण फक्त दोनदा. मग तोंडाला दुसरं काम काय?"

आजोबांनी तुऱ्याची मान थोपटली. "आमच्याकडे मोकळं रान आहे, पोरी. सात घोडे दिवसभर चरतात. हाही चरेल."

बाबांनी लगेच हात मिळवला. मला वाटलं, आता रडू येईल. काहीच आलं नाही.

"कासरा सोड," बाबा दोनदा म्हणाले. शेवटी आजोबांनीच कासऱ्यावर आवळलेली माझी बोटं एकेक करून सोडवली.