आईचं लक्ष

सोनुबाईला दारात बघितलं आणि धर्मराजनं हातातलं पेन खाली ठेवलं.

नवाकोरा गुलाबी फ्रॉक, गळ्यात बोरमाळ, तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, त्यांवर अबोलीचा गजरा आणि पायात चपला. मागं तिची आई बाळाबाई उभी. तिच्या स्वतःच्या लुगड्याला दोन ठिकाणी गाठी मारलेल्या, पण तोंड कसं उजळलेलं! आज विडीच्या कारखान्याला खाडा करून आली होती बाई.

"माळ शेजारच्या राजाबाईची हाय," ती म्हणाली. "आजच्या दिसापुरती मागून आणली. फ्राक मातुर आमचाच. बघा की सायेब, कशी दिसती माजी सोनी!"

चांगल्या घरची लेक दिसत होती. तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

निपाणीतल्या या संस्थेत विडीकामगारांच्या पोरांना शाळा, वसतिगृह आणि दोन वेळचं जेवण मिळायचं, ते परदेशातल्या एकेका दात्याच्या जिवावर. दर साली प्रत्येक पोराचा एक छापील इंग्रजी कागद भरायचा, त्याला ताजा फोटो डकवायचा आणि बेळगावच्या कचेरीत धाडायचा. तिथनं तो विमानानं दात्याकडं जायचा. हे कागद भरायची नोकरी धर्मराजची. गेल्या साली शामूच्या कागदावर 'आईचं लक्ष' या रकान्यात त्यानं 'उत्तम' असं लिहिलं. खोटं नव्हतंच ते. त्यात फोटोग्राफर यल्लाप्पानं हौसेनं आपलं घड्याळ पोराच्या मनगटावर चढवलं. झालं! दात्याचं उत्तर आलं, या मुलाला आमची गरज दिसत नाही. शामू आता वखारीत तंबाखू चाळतो. रस्त्यात दिसला की अजून 'नमस्कार सर' म्हणतो, आणि त्या दिवशी धर्मराजला जेवण जात नाही.

"आक्का, माळ काढा तिची," तो म्हणाला.

"का वं?"

"गजरा पण काढा. चपला पण."

"अगं बाई! इमानातनं जाणार न्हवं फोटू? ती पैसं धाडणारी बाई बघणार. भणंग पोर बघून काय म्हणंल ती? हिला आय हाय का न्हाय?"

"म्हणू दे की. तसं म्हणाली तरच..." त्यानं समोरचा कागद उगाच सरळ केला. मग म्हणाला, "शामूचं काय झालं, ठावं हाय न्हवं?"

बाळाबाईचं तोंड खाडकन उतरलं. तिच्याच गल्लीतलं पोर ते. तिनं मुकाट्यानं माळ सोडून पदरात बांधली, गजरा उतरवला, चपला बाजूला केल्या. सोनुबाई आईच्या तोंडाकडं बघत राहिली. आपलं काय चुकलं, तेच तिला कळेना.

"जुना फ्रॉक हाय का घरात?"

"त्याची फडकी केली की काल. नवा आला म्हणून."

यल्लाप्पा कॅमेरा घेऊन ताटकळला होता. "अण्णा, रोलात एकच फोटू उरलाय. काढायचा असला तर काढू. उद्या सकाळच्या गाडीनं कागद गेलं पाहिजेत म्हणतोस, आणि मला अजून धुवायचं हाय."

धर्मराजला उठून चालतं व्हावंसं वाटलं. लाज वाटत होती. पण जाऊन करणार काय? तो गेला तर दुसरा कुणी या खुर्चीत बसणार आणि तोही हेच म्हणणार, माळ काढा, चपला काढा. कागद तोच, रकाना तोच. तो टेबलावरच्या शाईच्या डागाकडं बघत बसला.

तेवढ्यात कर्र असा आवाज आला. बाळाबाईनं कमरेची कात्री काढली होती, विडीची पानं कापायची. कुणी हां हां म्हणायच्या आत तिनं गुलाबी फ्रॉकची बाही खांद्यापासनं कापून लोंबती सोडली.

"आक्का, अहो हे काय!"

"तुमी गप बसा, सायेब. पानं कापून माजी बोटं गेली ती गेली. हिची न्हाय जाऊ द्यायची मी." तिनं कात्री पुन्हा उघडली. "एवढं बास का? का खालनं बी फाडू?"

सोनुबाईनं उघडा खांदा हातानं झाकला आणि भोकाड पसरलं. यल्लाप्पानं कॅमेऱ्याचं बटण दाबलं. "लई झ्याक आला," तो सवयीनं बोलून गेला आणि मग जीभ चावून पायऱ्या उतरला.

धर्मराजनं कागद पुढं ओढला. नाव, वय, इयत्ता, सगळं भरलं. 'आईचं लक्ष' आलं तसं पेन थांबलं. त्यानं मान वर केली नाही. इंग्रजीत एकच शब्द लिहिला, नाही.

"काय लिवलासा?" बाळाबाईनं विचारलं.

"नेहमीचंच." त्यानं शाईचं पॅड तिच्यापुढं सरकवलं. "हितं अंगठा करा, आक्का. वर लिहिलंय ते खरं हाय म्हणून."

तिनं तंबाखूनं पिवळा पडलेला अंगठा आधी पदराला नीट पुसला. मग शाईत बुडवून, श्वास रोखून, त्या ओळीखाली दाबून धरला. उचलल्यावर कागदावर वाकून दोनदा बघितलं.

"चांगला उठलाय न्हवं, सायेब?" ती म्हणाली. "पुसट दिसला तर ती बाई म्हणंल, पोरीकडं आयचं ध्यानच न्हाय."