रवीच्या हातचं चायनीज

"कोबी इतका बारीक नाई चिरायचा, ताई. लांब चीर. नूडल्ससोबत तोंडात आला पाह्यजे," असं म्हणून रवीनं सारिकाच्या हातातून सुरी काढून घेतली.

सारिकानं सुरी सोडली, नजर सोडली नाही. समोर कोबी चिरणारा हा माणूस आपला सख्खा भाऊ आहे की कोणी भामटा, एवढंच तिला आज ठरवायचं होतं. त्यासाठीच ती नवऱ्याला, पंजाबरावांना, घेऊन नांदुऱ्याहून दुपारच्या एसटीनं पिंपळगाव राजाला माहेरी आली होती.

लॉकडाऊनमध्ये पुण्यातली चायनीजची गाडी बंद पडली, तसा रवी पायीच गावाकडं निघाला होता. वाटेतून एकदाच त्याचा फोन आला. "आई, पोचलो का तुले माह्या हातचं चायनीज पोटभर खाऊ घालीन." त्यानंतर ना फोन, ना माणूस. पोलीस झाले, दवाखाने पालथे घालून झाले. आणि काल संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला म्हणे!

बनाबाईचं, म्हणजे आईचं, तर विचारूच नका. तिनं पोराला कधी मेलेला मानलाच नव्हता. पहिल्या सर्वपित्री अमावस्येला भाऊबंदांनी तिला बळंच रवीच्या नावाचा घास ठेवायला लावला. तिच्या नवऱ्याच्या नावाचा द्रोण कावळ्यांनी चुटकीसरशी रिकामा केला. रवीच्या द्रोणाला चोच लागली नाही. गुरुजी म्हणाले, "त्याची काही इच्छा अडकली असंल. पुरी झाली का शिवंल कावळा." बनाबाई त्यांच्या अंगावरच धावली. "इच्छा मेलेल्याची अडकते! माहा पोरगा जित्ता हाये, म्हणून नाई शिवत!" तेव्हापासून दर सर्वपित्रीला गावाच्या नाकावर टिच्चून ती परसातल्या भिंतीवर दोन द्रोण ठेवायची. पाच वर्षं कावळा रवीच्या द्रोणाकडं फिरकला नाही.

आज सहावी सर्वपित्री. आजही दुपारी तिनं दोन्ही द्रोण ठेवले होते. एक केव्हाच साफ झाला, दुसरा जसाच्या तसा. "पाह्य वं, आजबी नाई शिवला," ती सारिकाला दाखवून खदखदा हसली. "आन शिवंल कसा? ज्याचा घास, तो घरात कोबी चिरून राह्यला!"

आईला असं हसताना सारिकानं पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. हा तोतया निघाला तर आई दुसऱ्यांदा पोराला मुकणार होती, आणि या वयात ते तिला सोसलं नसतं.

पंजाबरावांनी बायकोला दाराआड बोलावलं. "मले काई खरं नाई वाटत. पाच वर्षांत माह्या डोक्याचं मैदान झालं, याचा एक केस पांढरा नाई. आन शर्ट पाह्यला? तू भाऊबीजेले देलता तोच. कॉलर अजून कोरी! फोटो पाहून तसाच घेतला असंल लेकानं."

सारिका पुन्हा चुलीपाशी आली. "काऊन रे रवी, इतके दिवस होता कुठं?"

"वाट चुकली होती, ताई. सापडाले वेळ लागला."

"लहानपणी विळ्यावर माहं बोट कापलं होतं. कोणतं ते, आठवते?"

कढई तापली होती. रवीनं नूडल्स टाकल्या, हलवल्या आणि मान वर न करता म्हणाला, "तुहं कुठं? माहं कापलं होतं. आन तू आईले सांगतलं का मांजर चावली." त्यानं डाव्या हाताची करंगळी पुढं केली. व्रण होता.

मग त्यानं गुळाचा डबा मागितला. मंचुरियनच्या रश्श्यात तो लपवून गुळाचा खडा टाकायचा, हे तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. खडा विरघळला तसं त्यानं कालथ्यानं कढईच्या काठावर दोन ठोके दिले, अगदी पूर्वीसारखे. सारिकाला रडूच कोसळलं. "रव्या रे! कुठं मेला होतास इतके दिवस!"

"रडू नको ना बाप्पा. थंडं होऊन जाईल," तो म्हणाला, आणि त्यानं ती धगधगती कढई फडकं न घेता उतरवली.

"अरे, हात भाजंल!"

"सवय हाये."

दिवस मावळायच्या आत पानं मांडली. पंजाबरावांनी पहिला घास घेतला आणि त्यांची शंका कुठल्या कुठं पळाली. "काय चव हाये, साळेबुवा!" तीनदा वाढून घेतलं त्यांनी. बनाबाईला नूडल्स काही काट्यानं जमेनात. रवी तिच्याजवळ बसला आणि लहान लेकराला भरवावं तसं एकेक घास भरवू लागला.

"तूबी बस ना रे," सारिका म्हणाली.

"मी मागून. रांधणाराचं पोट वासानंच भरते."

बनाबाईनं ताटली पुसून खाल्ली, मोठी ढेकर दिली आणि पोराच्या गालावरून हात फिरवला. "भरलं रे राजा पोट. आता काईच नाई पाह्यजे मले."

"खरंच भरलं?"

"हाव रे, गळ्यापर्यंत!"

रवी हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. "झालं मग," तो म्हणाला, आणि मागच्या दारानं हात धुवायला परसात गेला.

सारिकानं त्याच्यासाठी ताटली वाढली. नूडल्स जास्त, वर मंचुरियनचे चार गोळे. बराच वेळ झाला तरी तो येईना, म्हणून ती ताटली घेऊनच मागच्या दारात गेली. "रवी, थंडं होऊन राह्यलं रे!"

नळ कोरडा होता. परसात कोणी नव्हतं. भिंतीवर एक कावळा बसला होता, आणि रवीच्या द्रोणातला भात सावकाश टिपून खात होता.