झडपेशेजारची गळती

बयनाबाईच्या हृदयात धातूची झडप बसवून वर्ष झाले होते, तरी कापूस वेचायला वाकली की तिला धाप लागे. जैनथ गावी, घरीच, याचे निदान सासूने केले होते: सुनेच्या छातीला कान लावला, झडपेची टिकटिक नीट ऐकली आणि सून कामचुकार ठरवली. टिकटिक झडप हलते एवढेच सांगते, कडेने रक्त मागे झिरपते का ते नाही. पण हे सासूला पटवणे डॉक्टर कुमुदिनींच्या शास्त्राबाहेरचे होते.

"मशीनमधी पाहा," बयनाबाई आदिलाबादच्या दवाखान्यात येऊन म्हणाली. "काय हाय ते दिसल्याबिगर मी उठत नाई."

ती डाव्या कुशीवर निश्चल पडून राहिली. सांगितले तेव्हा श्वासही रोखला. इकोच्या पडद्यावर झडपेच्या कडेने रंगीत धार मागे उसळताना स्पष्ट दिसली. कुमुदिनींनी अशा बातमीसाठी राखलेला मृदू आवाज काढला.

"बयनाबाई, झडपेच्या बाजूने रक्त गळतंय. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल."

"मंग हळू काऊन बोलून राह्यल्या, डाक्टरीनबाई?" बयनाबाई ताठ उठून बसली. "माही सासू दाराबाहीर बसली हाय. तिले आयकू गेलं पाह्यजे."